जीन बदलणारं इंजेक्शन येईल तेव्हा येईल, घरातल्यांचं कोलेस्टेरॉल कधी तपासणार?

हृदयविकाराबद्दल व्हॉट्सॲपवर दोन प्रकारचे मेसेज कायम फिरत असतात. पहिल्या प्रकारात अमेरिकेने असं काही इंजेक्शन शोधलेलं असतं की ते एकदा टोचलं की हार्ट अटॅकचा विषयच संपला. दुसऱ्या प्रकारात आलं, लसूण, लिंबू उकळून प्यायलं की ब्लॉकेज वितळून जातात आणि डॉक्टर मंडळी उगाच गोळ्या खपवतात. गंमत म्हणजे दोन्ही मेसेज बरेचदा एकाच ग्रुपवर एकाच काकांकडून येतात.

दुसऱ्या मेसेजवर वेळ घालवत नाही. पहिल्यात मात्र तथ्य आहे, आणि ते नीट समजून घेतलं तर आपल्या सरकारी यंत्रणेला आणि स्वतःच्या घराला काही अवघड प्रश्न विचारावे लागतात. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय तुमच्या-माझ्या घरातला आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू.

आपल्या रक्तात एलडीएल नावाचं कोलेस्टेरॉल फिरत असतं, ज्याला आपण 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतो. ते उचलून नेण्याचं काम यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर करतात. सोपं करून सांगायचं तर या आपल्या शरीरातल्या घंटागाड्या. रोज फेरी मारतात, कचरा उचलतात, खाली करून परत येतात. आता शरीरातच पीसीएसके९ नावाचं एक प्रथिन आहे, त्याचं काम या घंटागाड्या भंगारात काढणं. ते जास्त झालं की चांगल्या चालू गाड्याही भंगारात जातात, कचरा रस्त्यावर साठतो, म्हणजे एलडीएल रक्तात वाढत जातं आणि वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतं.

२००३ साली फ्रान्समधल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून हे कळलं. त्या घरांमध्ये कोलेस्टेरॉल पिढ्यानपिढ्या भयंकर जास्त होतं आणि त्यामागे याच पीसीएसके९ जीनमधली गडबड होती. मग अमेरिकेत डॅलसमध्ये हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला. हा जीन ज्यांच्यात जन्मतःच बिघडलेला आहे, म्हणजे ज्यांच्यात गाड्या भंगारात काढणाराच कामावर येत नाही, त्यांचं काय होतं? २००६ साली उत्तर आलं. असा जीन असलेल्या कृष्णवर्णीय लोकांमध्ये एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकाराचा धोका तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. एका तरुण स्त्रीमध्ये तर हा जीन आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून निकामी आलेला होता. तिचं एलडीएल होतं फक्त १४. आणि बाई एकदम ठणठणीत!

हा आकडा परत वाचा. एलडीएल कमी फक्त २८ टक्के, पण धोका कमी ८८ टक्के. असं का? कारण त्यांचं कोलेस्टेरॉल जन्मापासून कमी होतं. पन्नाशीत अटॅक आल्यावर गोळी सुरू करणं वेगळं आणि विसाव्या वर्षापासून एलडीएल ताब्यात असणं वेगळं. बँकेच्या व्याजासारखंच आहे हे, दर किती यासोबत किती वर्षं हेही मोजलं जातं. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा सगळा मुद्दा हिच्यावर उभा आहे.

त्यानंतर औषधं आली. २०१५ मध्ये पीसीएसके९ अडवणारी, दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने घ्यायची इंजेक्शनं. मग इन्क्लिसिरान, सुरुवातीच्या डोसांनंतर वर्षातून दोनदाच. आणि आता थेट जीनमध्येच बदल. शेखर कथिरेसन हे भारतीय वंशाचे हृदयरोग आणि जनुकशास्त्राचे तज्ज्ञ. त्यांच्या स्वतःच्या भावाचा तरुण वयात हृदयविकाराने मृत्यू झाला, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. त्यांनी स्थापन केलेल्या व्हर्व्ह थेराप्यूटिक्स कंपनीने २०२२ साली न्यूझीलंडमध्ये पहिल्या माणसाला असं औषध दिलं. यकृतात जाऊन पीसीएसके९ जीनमधलं एक अक्षर बदलायचं, आणि जीन कायमचा बंद. हजारो पानांच्या ग्रंथातलं एक अक्षर खोडून दुसरं लिहिण्यासारखं काम आहे हे.

एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या सुधारित औषधाचे पहिले निकाल आले. १४ जणांवरच्या चाचणीत सर्वांत जास्त डोस मिळालेल्या गटात एलडीएल सरासरी ५३ टक्क्यांनी उतरलं, तेही एकाच डोसमध्ये. दोनच महिन्यांनी एली लिली या बलाढ्य कंपनीने व्हर्व्ह विकत घेण्याचा करार केला, १.३ अब्ज डॉलरपर्यंतचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्रिस्पर थेराप्यूटिक्सने एएनजीपीटीएल३ नावाच्या दुसऱ्या एका जीनवरचे निकाल मांडले. पंधरा जणांची चाचणी, आणि मोठ्या डोसला एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही जवळजवळ निम्म्यावर.

मग पेढे वाटायचे का? जरा थांबा.

पहिली गोष्ट, चौदा आणि पंधरा माणसं. एका एसटीत मावतील एवढी. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं हे खरं, पण त्यांचे हार्ट अटॅक टळले का, हे कळायला हजारो माणसं आणि कित्येक वर्षं लागतात.

दुसरी गोष्ट, गोळी बाधली तर बंद करता येते. जीनमधला बदल परत फिरवता येत नाही. व्हर्व्हचंच आधीचं औषध २०२४ मध्ये थांबवावं लागलं, कारण एका रुग्णाच्या यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या बिघडल्या होत्या. औषध पेशीपर्यंत नेणारं चरबीचं वेष्टन त्याला कारणीभूत असावं असं कंपनीचं म्हणणं होतं, म्हणून पुढच्या औषधात ते वेष्टन बदललं. इंटेलिया कंपनीची हृदयात प्रथिनं साचण्याच्या एका आजारावरची जीन एडिटिंगची मोठी चाचणी ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवण्यात आली. यकृताला गंभीर इजा झालेला एक रुग्ण नंतर दगावला. १९९९ मध्ये अमेरिकेत जीन थेरपीच्या चाचणीत अठरा वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला होता आणि हे अख्खं क्षेत्र कित्येक वर्षं मागे गेलं होतं. म्हणूनच जीन एडिटिंग केलेल्या रुग्णांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवा असं अमेरिकेची औषध नियामक संस्था सांगते. यात घाबरण्यासारखं काही नाही, विज्ञान असंच पुढे जातं. पण 'एक इंजेक्शन घ्या आणि विसरा' हे आज खोटं आहे.

तिसरी गोष्ट, किंमत. त्यावर येतो, पण त्याआधी हृदयाच्या दुसऱ्या एका संशोधनाबद्दल थोडं सांगतो. त्यात किमतीचं गणित स्पष्ट दिसतं.

हृदय म्हणजे पंप, हे आपण शाळेत शिकलो. पण पंपाला डिझेल लागतं, त्याचं काय? दिवसाला लाखभर ठोके मारणाऱ्या हृदयाला स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ऊर्जेचं रसायन रोज तयार करावं आणि वापरावं लागतं. संशोधक हा आकडा दिवसाला सहा किलोच्या आसपास सांगतात. साठवण जवळजवळ शून्य. रोज कमवायचं, रोज खायचं, हातावर पोट! निरोगी हृदय बहुतेक ऊर्जा चरबीतून काढतं आणि गरजेप्रमाणे साखर, लॅक्टेट, कीटोन काहीही वापरतं. हृदय निकामी व्हायला लागलं की ही लवचीकता जाते. टाकीत डिझेल असतं, पण इंजिन ते नीट जाळू शकत नाही.

या बाजूने विचार सुरू असताना एक औषध अनपेक्षितपणे हाती लागलं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत मधुमेहींचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी दिसले. २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत ४,७४४ हार्ट फेल्युअरच्या रुग्णांमध्ये मृत्यू किंवा आजार बळावण्याचा धोका २६ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना मधुमेह नव्हताच! नेमकं कसं, यावर अजून वाद आहेत. कुणी म्हणतं हृदयाला कीटोनचं इंधन मिळतं, कुणी म्हणतं शरीरातलं जादा मीठ-पाणी निघून जातं. पण गोळी काम करते यावर वाद नाही.

आता गंमत बघा. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपलं. जी गोळी साठ रुपयांच्या आसपास मिळायची, ती भारतीय कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. काहींनी तर साडेपाच रुपयांत. रसायन तेच, हृदय तेच. बदलला फक्त कायद्याचा एक कागद, आणि औषध मध्यमवर्गीयांच्या आवाक्यातून रिक्षावाल्याच्या आवाक्यात आलं. त्याआधी फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली तेव्हाही हेच झालं होतं. लाखाच्या घरातला औषधी स्टेंट तीस हजारांच्या आत आला.

म्हणजे शोध प्रयोगशाळेत लागतो, पण तो आपल्या गल्लीत येतो किमतीच्या आणि यंत्रणेच्या वाटेने. ही वाट शास्त्रज्ञ बांधत नाहीत. ती सरकार बांधतं, आणि आपण मागितली तरच बांधतं.

आता आपल्याकडे काय चाललंय ते बघू.

आपल्या भागातल्या माणसांना हृदयविकार लवकर होतो. इंटरहार्ट नावाच्या ५२ देशांच्या अभ्यासात पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय इतर देशांत जवळपास ५९ होतं, दक्षिण आशियात ५३. ही सहा वर्षं म्हणजे मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, घराचे हप्ते, सगळं त्यात आलं. कर्ता माणूस गेला की घर कसं बसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यात तंबाखू, बीपी, शुगर, बैठं काम हे सगळं आहेच. पण काही घरांमध्ये हे रक्तातून येतं. 'फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया' नावाचा आनुवंशिक दोष जगात साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला असतो. म्हणजे तीस हजार वस्तीच्या गावात शंभर-सव्वाशे माणसं. यात एलडीएल जन्मापासून जास्त असतं, १९० च्या वर. उपचार केले नाहीत तर अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला होण्याची शक्यता निम्मी. माणूस बारीक असेल, शाकाहारी असेल, माळकरी असेल, तरी हा दोष सोडत नाही. 'काही व्यसन नव्हतं हो, तरी गेला' असं आपण ज्यांच्याबद्दल बोलतो, त्यातले काही जण असे असतात.

दुसरं आहे लायपोप्रोटीन-ए. हेही बहुतांश जीनवरच ठरतं. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार साधारण चारातल्या एका भारतीयात ते प्रमाणापेक्षा जास्त असतं. आयुष्यात एकदा तरी ते तपासा, पहिली कोलेस्टेरॉल तपासणी अठराव्या वर्षी करा, घरात इतिहास असेल तर त्याआधीही करा, असं त्याच सूचनांमध्ये लिहिलं आहे. आणि त्यासाठी उपाशीपोटी जायचीही गरज नाही.

आता आपल्या सरकारी तपासणीत काय होतं? तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तीन प्रकारच्या कर्करोगांसाठी तपासणी करायचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. चांगला कार्यक्रम आहे. पण त्या यादीत कोलेस्टेरॉल नाही. आशाताई घरोघरी जाऊन जो फॉर्म भरून घेतात, त्यात 'घरात कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का' हा प्रश्न आहेच. ताई उत्तर लिहितात, गुण देतात. पण त्या उत्तरावरून कुणाला कोलेस्टेरॉल तपासायला पाठवायचं, अशी सोय पुढे नाही. प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, पण उपयोग झाला नाही!

तिकडे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते, बायपास होतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. या योजनेने असंख्य घरं कर्जातून वाचवली आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण योजनेचं स्वरूपच असं की माणूस दवाखान्यात भरती झाला की पैसे मिळतात. बेचाळिसाव्या वर्षी अटॅक आलेल्या माणसाला स्टेंट बसतो, तो घरी जातो. त्याचा अडतीस वर्षांचा भाऊ भेटायला येतो, डबा आणतो, रात्री व्हरांड्यात झोपतो. त्या भावाचं एलडीएल कोण तपासतं? कुणीच नाही. चार वर्षांनी तोही त्याच वॉर्डात येतो आणि सरकार त्याच्याही स्टेंटचे पैसे भरतं. एका रक्ततपासणीचे आणि रोजच्या एक-दोन रुपयांच्या गोळीचे पैसे मात्र आधी कुणी भरलेले नसतात.

नेदरलँड्सने १९९४ ते २०१३ या काळात नेमकं उलटं केलं. एक रुग्ण सापडला की त्याचे आईवडील, भावंडं, मुलं तपासायची. त्यात कुणी सापडलं की त्यांचे नातेवाईक. माळेतले मणी मोजत जावं तसं. अशा रीतीने त्यांनी पंचवीस हजारांहून जास्त माणसं शोधली आणि औषधावर आणली. त्यासाठी नवीन शोध लागला नव्हता, एक यादी आणि यादीच्या मागे फिरणारी माणसं लागली होती. यादी घेऊन घरोघरी फिरणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं कुणी म्हणू नये. पोलिओ आपण असाच हद्दपार केला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. जीन बदलण्याच्या गोष्टी करण्याआधी कुठल्या घरात तो जीन आहे ते शोधायला लागू. यासाठी चार मागण्या आहेत.

एक. जनआरोग्य योजनेत पंचावन्नच्या आतल्या पुरुषाला किंवा पासष्टच्या आतल्या स्त्रीला अटॅकनंतर उपचार मिळाले, तर डिस्चार्ज कार्डासोबत सख्खी भावंडं आणि मुलांसाठी मोफत लिपिड तपासणीची चिठ्ठी द्या. जवळच्या सरकारी दवाखान्यात ती चालली पाहिजे.

दोन. आशाताईंच्या फॉर्मवर हृदयविकाराचं उत्तर 'हो' आलं की कोलेस्टेरॉलची तपासणी झालीच पाहिजे. आणि ताईंवर नवं काम टाकताय तर त्याचा मोबदलाही द्या.

तीन. वाढदिवसाला महाआरोग्य शिबिरं भरवणाऱ्या सर्वपक्षीय नेत्यांना विनंती. फ्लेक्सचा खर्च थोडा कमी करा आणि बीपी-शुगरसोबत लिपिड प्रोफाइल ठेवा. शिबिरात सापडलेल्या माणसाला महिन्याने गोळी मिळते का, तेही विचारा.

चार. जीन थेरपीचं संशोधन आपल्याकडेही झालं पाहिजे, आणि सार्वजनिक पैसा लागला असेल तर किमतीची अट आधीच घातली पाहिजे. हे स्वप्नरंजन नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेली कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली. अमेरिकेत ज्याला तीन-चार कोटी लागतात, ते इथे चाळीस लाखांच्या आसपास आलं. तेही सामान्य माणसाला परवडत नाहीच, पण दिशा दिसते. शिवाय आपले जीन आपल्याशिवाय कोण अभ्यासणार? एमवायबीपीसी३ या हृदयाच्या जीनमधली २५ अक्षरं गळालेला एक प्रकार हैदराबादच्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केला. तो भारतीय उपखंडात शंभरातल्या चौघांमध्ये आढळतो आणि बाहेर फारसा दिसत नाही. असा जीन असलेल्या सगळ्यांनाच आजार होतो असं नाही. पण कुणाला होतो आणि कुणाला नाही, हा प्रश्न बॉस्टनमधल्या कंपनीच्या प्राधान्यक्रमात कशाला येईल?

काही जण म्हणतील, इथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर जागेवर नसतात आणि तुम्ही जीनच्या गप्पा मारताय. बरोबर आहे. पण वरच्या पहिल्या तीन मागण्यांत जीनची तपासणीसुद्धा नाही. एक साधी रक्ततपासणी, घरातल्यांची नावं लिहिलेला एक कागद, आणि ॲटोर्व्हास्टॅटिनसारखी जुनी, स्वस्त गोळी. स्टॅटिनचा पहिला शोध जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये बुरशीतून लावला. पन्नास वर्षं झाली! ते अजून आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक गरजू घरात पोहोचलेलं नाही. मग जीन एडिटिंग कोणत्या रस्त्याने पोहोचणार? रस्ता हाच आहे. आज गोळीसाठी बांधला तर उद्या इंजेक्शनही त्यावरून येईल.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या हातात आहे ते करू. आज रात्री जेवताना घरात विचारा. आजोबा कशाने गेले? मामा कितव्या वर्षी गेले? आत्याला अँजिओप्लास्टी कधी झाली? उत्तरं कागदावर लिहा. लवकर गेलेलं कुणी निघालं, तर घरातल्या अठराच्या पुढच्या सगळ्यांचं लिपिड प्रोफाइल करून घ्या. लहान मुलांचं कधी करायचं ते डॉक्टरांना विचारा. एलडीएल १९० च्या वर आलं तर नुसतं तूप बंद करून गप्प बसू नका, फिजिशियनला गाठा आणि घरातल्या बाकीच्यांनाही सोबत न्या. सुरू असलेली गोळी कुठल्याही काढ्यासाठी, कुठल्याही फॉरवर्डसाठी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि गरोदरपणाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, तेव्हा गोळ्यांचा निर्णय वेगळा असतो.

तुमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात लिपिड प्रोफाइल होतं का, मोफत होतं का, रिपोर्ट किती दिवसांत मिळतो, हे कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. यादी झाली की आपण ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि आमदारांकडे देऊ. सर्व पक्षांचे लोक इथे वाचतात हे मला माहीत आहे, आणि हृदय सगळ्यांनाच एकेक आहे.